छातीत दुखते म्हणजे नेमके कसे दुखते?

हृदयाच्या आवरणाचा दाह : प्रत्येक घरात हवी अशी माहिती

पुण्याच्या सदाशिव पेठेत संध्याकाळी पेरूगेटाकडून टिळक रस्त्याकडे चालत गेले, तर पाठीवर सॅक लावलेली तरुण मुले-मुली घोळक्याघोळक्याने दिसतात. नांदेड, लातूर, परभणी, बुलढाणा, सोलापूर अशा जिल्ह्यांतून ती स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी येथे आलेली असतात. एकेका खोलीत चार-चार, पाच-पाच जण ‘कॉट बेसिस’वर राहतात. सकाळी अभ्यासिका, दुपारी मेसचे जेवण, रात्री पुन्हा अभ्यासिका. त्यांत आपल्या कष्टकरी घरांतील मुलेही पुष्कळ आहेत. कोणाचा बाप गवंडी, कोणाची आई धुणीभांडी करणारी, कोणाच्या घरी दोन एकर कोरडवाहू जमीन. लेकरू साहेब होईल म्हणून घरचे सारे पोटाला चिमटा घेऊन महिन्याचे पैसे पाठवितात.

अशा घरी एखाद्या रात्री फोन येतो, ‘‘बाबा, छातीत दुखतंय.’’ मग काय होते? बहुतेक घरांत दोनच उत्तरे असतात. एक तर ‘‘ॲसिडिटी असेल, मेडिकलातून गोळी घे, जागरण कमी कर.’’ नाही तर ‘‘अरे देवा, हार्ट ॲटॅक!’’ असे म्हणून साऱ्या घराचे हातपाय गळतात. या दोन उत्तरांच्या मध्ये आणखी काही आजार आहेत, हे आपणांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांतलाच एक आजार म्हणजे हृदयाच्या बाहेरील आवरणाचा दाह. डॉक्टर त्याला ‘पेरिकार्डायटिस’ म्हणतात.

नाव अवघड असले तरी आजार समजण्यास अवघड नाही. शिवाय याच्या निदानात सर्वांत मोठा वाटा कोणत्याही महागड्या यंत्राचा नसून रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांचा आहे. आपले दुखणे ज्याला नीट सांगता येते, त्याने डॉक्टरांचे अर्धे काम केलेले असते. म्हणूनच या आठवड्यात हा विषय आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

हे आवरण असते तरी कसे?

आपले हृदय छातीच्या पोकळीत उघडे लोंबकळत नसते. ते एका पिशवीत असते. या पिशवीचा बाहेरचा थर जाड आणि चिवट असतो. आतला थर पातळ व गुळगुळीत असून तो दुहेरी असतो. एक पदर हृदयाला चिकटलेला आणि दुसरा पिशवीच्या आतल्या बाजूला. या दोन पदरांच्या मध्ये सुमारे १५ ते ५० मि.ली. पातळ द्रव असतो. म्हणजे जेमतेम तीन ते दहा चमचे! मोटारीच्या इंजिनात तेल जे काम करते, तेच हा द्रव येथे करतो. हृदय दिवसाला एक लाखाच्या आसपास ठोके देते. प्रत्येक ठोक्याला हे दोन पदर एकमेकांवरून अलगद सरकतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

या पदरांना सूज आली की तेलपाणी न केलेल्या बिजागरीसारखी गत होते. पदर एकमेकांवर घासतात, दुखतात. कधी कधी मधला द्रव वाढून पिशवीत पाणी साचते. हे सारे अचानक सुरू होऊन चार-सहा आठवड्यांच्या आत घडले, तर त्याला तीव्र दाह म्हणतात. त्याहून लांबला, परत परत उलटला किंवा तीन महिन्यांपलीकडे गेला, तर त्याची नावे व उपचार थोडे बदलतात.

ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, हार्ट ॲटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरविणारी नळी तुंबते आणि स्नायू मरू लागतो. येथे नळ्या मोकळ्या असतात. बिघाड आवरणात असतो. दोन्हींत छाती दुखते, परंतु आजार वेगळे आणि औषधेही वेगळी.

दुखणे सांगता आले पाहिजे

आपली माणसे डॉक्टरांसमोर बसली की निम्मे शब्द विसरतात. साहेब घाईत असतात, बाहेर रांग असते, इंग्रजी शब्दांची भीती वाटते. मग ‘‘छातीत दुखतंय’’ एवढे एकच वाक्य बोलून आपण गप्प बसतो. खरे पाहता दुखण्यासाठी आपल्या मराठीत जेवढे शब्द आहेत, तेवढे क्वचितच दुसऱ्या भाषेत असतील. कळ येते, चमक मारते, ठणकते, बोचते, जळजळते, उसण भरते, दडपण येते, आवळल्यासारखे होते. यातला प्रत्येक शब्द डॉक्टरांच्या दृष्टीने वेगळी वाट दाखवितो. म्हणून लाजू नये. घरात, शेतात, कामावर जो शब्द आपण वापरतो तोच दवाखान्यात वापरावा.

हार्ट ॲटॅकचे दुखणे बहुधा ‘दडपण’ या जातीचे असते. छातीवर धोंडा ठेवल्यासारखे, आतून आवळल्यासारखे वाटते. घाम फुटतो, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाते. कूस बदलली म्हणून त्यात फरक पडत नाही. आम्लपित्ताची ‘जळजळ’ असते. ती जेवणाशी जोडलेली असते, आंबट ढेकर येतात. बरगडीच्या स्नायूचे दुखणे बोटाने दाबले की त्याच जागी वाढते.

आवरणाच्या दाहाचे दुखणे ‘चमक’ या जातीचे असते. छातीच्या मध्यभागी किंवा डाव्या बाजूला सुरी टोचल्यासारखे तीव्र दुखते. खोल श्वास घेतला, खोकला आला की वाढते. आणि सर्वांत मोठी खूण ही की, उताणे झोपले की वाढते आणि उठून पुढे वाकून बसले की कमी होते! आडवे झाल्यावर सुजलेले आवरण ताणले जाते, पुढे वाकल्यावर त्यावरचा ताण हलका होतो. असा रुग्ण रात्रभर गुडघ्यांवर हात टेकून किंवा उशी पोटाशी धरून बसून राहतो.

आणखी एक खूण आहे. हे दुखणे कधी कधी मान आणि खांदा यांच्या मधल्या कडेवर उमटते. हमाल ज्या जागी पोत्याचा भार घेतो, ती जागा. याचे कारण असे की, श्वासाच्या पडद्याकडे जाणारी नस या आवरणाला लागूनच जाते आणि तिचा उगम मानेत आहे. आवरण सुजले की ती नस दुखण्याची खबर खांद्यावर पोहोचविते.

तेव्हा दवाखान्यात जाताना पुढील पाच प्रश्नांची उत्तरे मनाशी तयार ठेवावीत. शक्य असल्यास वहीच्या कागदावर लिहून न्यावीत.

१. नेमके कोठे दुखते? बोट ठेवून दाखवा. दुखणे हात, जबडा, पाठ किंवा खांद्याकडे जाते काय?
२. कसे दुखते? चमक, दडपण, जळजळ, की ठणका?
३. कशाने वाढते आणि कशाने कमी होते? झोपल्याने, वाकल्याने, श्वासाने, चालण्याने, की जेवणाने?
४. केव्हापासून दुखते? त्याआधी पंधरा दिवसांत सर्दी, ताप, जुलाब असे काही झाले होते काय?
५. सोबत काय आहे? संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्रीचा घाम, दम, पायांना सूज, सांधेदुखी?

येथे एक गोष्ट आम्ही ठळकपणे सांगू इच्छितो. वरील खुणा डॉक्टरांना सांगण्यासाठी आहेत, घरी बसून निवाडा करण्यासाठी नाहीत. ‘‘वाकल्यावर बरे वाटते, म्हणजे ॲटॅक नाही’’ असे ठरवून कोणीही घरी थांबू नये. छातीत दुखणाऱ्या प्रत्येक माणसाचा, मग तो विशीतला असो की साठीतला, ई.सी.जी. तातडीने निघालाच पाहिजे. दवाखान्यात पोहोचल्यावर दहा मिनिटांच्या आत तो निघावा, असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे.

आमच्या पाहण्यातले एक उदाहरण

काही वर्षांपूर्वी सदाशिव पेठेत राहून परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलाच्या वडिलांचा आम्हांस गावाकडून फोन आला. मुलाचे वय २४. त्याचे नाव-गाव येथे सांगण्याचे कारण नाही. तीन दिवस छातीत दुखत होते आणि तो मेडिकलातून आम्लपित्ताच्या गोळ्या घेत होता. आम्ही खोलीवर गेलो व त्याला एका रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी विचारले तेव्हा मुलगा ‘‘दुखतंय सर’’ यापलीकडे बोलेना. परीक्षा बुडेल ही भीती त्याला दुखण्यापेक्षा मोठी होती. तेव्हा त्याच्या खोलीतला सोबती म्हणाला, ‘‘सर, हा तीन रात्री टेबलावर डोकं टेकूनच झोपतोय. आम्हांला वाटलं, रात्रभर अभ्यास करतोय.’’

त्या एका वाक्याने डॉक्टरांची मान वर झाली. त्यांनी मुलाला पुढे वाकवून छातीला स्टेथोस्कोप लावला, ई.सी.जी. काढला, इको केली. आवरणाचा दाह निघाला. गोळ्यांनी चार दिवसांत दुखणे थांबले. परंतु मुलाने पूर्वपरीक्षेच्या गडबडीत गोळ्याही थांबविल्या आणि पुढच्या तपासणीलाही गेला नाही. तीन आठवड्यांनी जिना चढताना दम लागू लागला, संध्याकाळी ताप येऊ लागला, पाय सुजले. पुन्हा इको केली तर आवरणात पुष्कळ पाणी साचलेले होते. ते सुईने काढावे लागले. तपासणीत क्षयाचे निदान झाले. सहा महिने औषध घेऊन मुलगा बरा झाला आणि पुढच्या वर्षी परीक्षेलाही बसला.

या उदाहरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. निदानाची किल्ली सोबत्याच्या साध्या निरीक्षणात होती, ही पहिली. आणि दुखणे थांबले म्हणजे आजार गेला असे नाही, ही दुसरी.

चार खुणांपैकी दोन

हे निदान डॉक्टर करतात तरी कसे? युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली यासाठी एक सोपा नियम सांगितला. पुढील चार खुणांपैकी किमान दोन असल्या पाहिजेत.

पहिली खूण म्हणजे वर सांगितलेले विशिष्ट दुखणे.

दुसरी, स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा घासल्याचा आवाज. फ्रान्सचे लेनेक यांनी १८१६ साली स्टेथोस्कोप शोधला आणि त्यांचे सहकारी कोलँ यांनी १८२४ साली या आवाजाचे वर्णन ‘नव्या चामड्याची करकर’ असे केले. कोल्हापुरी पायताण घालून चालणाऱ्या आपल्या माणसांना ही करकर वेगळी सांगायला नको! हा आवाज येतो आणि जातो. सकाळी ऐकू आला तर संध्याकाळी येईलच असे नाही. म्हणून डॉक्टर पुन्हा पुन्हा, रुग्णाला पुढे वाकवून ऐकतात.

तिसरी, ई.सी.जी.मधील बदल. आणि चौथी, इको तपासणीत आवरणात नव्याने दिसलेले किंवा वाढलेले पाणी. इको म्हणजे गरोदर बाईची सोनोग्राफी करतात त्याच जातीची तपासणी. आवाजाच्या लहरींनी हृदय पडद्यावर दिसते. ती दुखत नाही आणि तिच्यात क्ष-किरणही नसतात.

यांच्या जोडीला रक्तातील सी.आर.पी. व ई.एस.आर. या तपासण्या सूज किती आहे ते सांगतात. ट्रोपोनिन ही तपासणी हृदयाच्या स्नायूलाही झळ पोहोचली आहे काय ते दाखविते. छातीच्या एक्स-रेत हृदयाची सावली मोठी, पाण्याने भरलेल्या पखालीसारखी दिसली, तर पाणी बरेच साचले असे समजतात. थोडे पाणी मात्र एक्स-रेत दिसत नाही. यावरून एक लक्षात येईल, की एखादी तपासणी ‘नॉर्मल’ आली म्हणून आजार नाही, असे होत नाही. हिशेबाच्या वहीत जसे एकाच नोंदीवरून ताळेबंद ठरत नाही, तसेच हे आहे.

ई.सी.जी. आणि घाईचा धोका

ई.सी.जी.चा कागद पाहून आपल्याला सारख्याच रेषा दिसतात. परंतु जाणकाराला त्यात नकाशा दिसतो. हार्ट ॲटॅकमध्ये जी नळी तुंबली, तिच्या हद्दीतल्याच रेषा वर उचललेल्या दिसतात. आवरण मात्र साऱ्या हृदयाभोवती असते. त्यामुळे त्याच्या दाहात जवळजवळ सगळीकडच्या रेषा उचलल्या जातात आणि त्यांचा आकार वाटीसारखा खोलगट असतो. ठोक्याच्या आधीचा एक छोटा भाग खाली दबलेला असतो. हे बदल प्रत्येक रुग्णात दिसतातच असे नाही.

हा फरक ओळखणे का महत्त्वाचे? हार्ट ॲटॅकमध्ये रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन जीव वाचविते. तेच इंजेक्शन आवरणाच्या दाहात दिले गेले, तर आवरणाच्या पिशवीत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. उलट खऱ्या ॲटॅकला ‘नुसती सूज आहे’ म्हटले, तर स्नायू मरतो. म्हणून येथे रुग्णाने व सोबतच्याने सांगितलेला प्रत्येक शब्द मोलाचा ठरतो. संशय राहिला, तर डॉक्टर अँजिओग्राफी करून नळ्या मोकळ्या असल्याची खात्री करून घेतात.

कारण शोधल्याशिवाय निदान पुरे होत नाही

श्रीमंत देशांत या आजाराचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे विषाणू. साध्या सर्दी-तापानंतर आठ-पंधरा दिवसांनी आवरण सुजते आणि बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. आपल्या देशातही असे रुग्ण आहेत. परंतु आपल्याकडे एक कारण कधीही विसरून चालत नाही, ते म्हणजे क्षयरोग.

क्षय फक्त फुप्फुसाला होतो, अशी आपली समजूत असते. छातीतील गाठींमधून क्षयाचे जंतू हृदयाच्या आवरणातही पोहोचतात. अशा रुग्णाला खोकला असेलच असे नाही. त्याचे दुखणे फारसे तीव्र नसते. ते हळूहळू येते. संध्याकाळचा बारीक ताप, घटते वजन, मरगळ आणि दम ही त्याची चाल असते. कोंदट खोल्या, दाटीवाटीने राहणे आणि निकृष्ट आहार यांवर क्षय पोसतो. कॉट बेसिसच्या खोलीला हे वर्णन लागू पडते आणि आपल्या अनेक वस्त्यांतील घरांनाही! आहाराचे महत्त्व किती, हे झारखंडात झालेल्या व २०२३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. क्षयरुग्णाच्या घरातील माणसांना जादा पोषक शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले.

फुप्फुसाचा क्षय नसेल, तर केवळ आवरणाचा क्षय दुसऱ्याला लागत नाही. तेव्हा अशा रुग्णाचे ताट-वाटी वेगळे करू नये. खोलीतून काढून तर मुळीच देऊ नये.

इतर कारणेही थोडक्यात सांगतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या व डायलिसिसवर असलेल्या रुग्णांत, मोठ्या हार्ट ॲटॅकनंतर काही आठवड्यांनी, सांधे सुजून अंगावर चट्टे येणाऱ्या ल्यूपससारख्या आजारात, तसेच कर्करोग व थायरॉइडच्या विकारांतही आवरण सुजते किंवा त्यात पाणी होते. पूर्वी न्यूमोनियातून आवरणात पू होऊन माणसे दगावत. पेनिसिलिनने ते दिवस पालटले. आपल्या पिंपरीत १९५४ साली सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पुणे परिसरातील कामगारांच्या हातांनी असे कितीतरी जीव वाचविले आहेत.

कोरोनाच्या लसीमुळे हा आजार होतो काय, असेही पुष्कळ जण विचारतात. परदेशांत एम-आर.एन.ए. प्रकारच्या लसीनंतर, विशेषतः तरुण मुलांत, हृदयाच्या स्नायूला किंवा आवरणाला सूज आल्याचे क्वचित आढळले व त्यातील बहुतेक बरे झाले. आपल्याकडे बहुतेकांना दिलेल्या कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन या त्या प्रकारच्या लसी नव्हेत. तेव्हा आज छातीत दुखले की लसीला दोष देऊन तपासणी टाळणे शहाणपणाचे नाही.

पाणी साचले तर

आवरणाची पिशवी चिवट असते, ती चटकन ताणली जात नाही. पाणी हळूहळू साचले तर लिटरभरही मावते. परंतु दोनशे मि.ली.च्या आसपास पाणी जरी झपाट्याने साचले, तरी ते हृदयाला चहूबाजूंनी दाबू लागते. हृदय फुलू शकत नाही, म्हणजे त्यात रक्त भरत नाही, म्हणजे पुढे रक्त जात नाही. ही स्थिती जीवघेणी असते. दम कोंडतो, मानेच्या शिरा फुगतात, नाडी जलद व बारीक होते, रक्तदाब घसरतो, हातपाय गार पडतात, गुंगी येते. येथे एका मिनिटाचाही उशीर नको. डॉक्टर इकोच्या मदतीने सुई घालून पाणी काढतात आणि रुग्णाला लगेच मोकळे वाटते. तेच पाणी तपासून क्षय आहे की अन्य काही, हेही शोधता येते.

क्षयाकडे दुर्लक्ष झाले, तर दुसरे संकट महिन्या-वर्षांनी येते. आवरण जाड होते, आकसते, कधी त्यात चुना साचतो. हृदय जणू लाकडी खोक्यात कोंडले जाते. पोटात पाणी होते, पाय सुजतात आणि रुग्ण यकृताचा आजार समजून भलतीकडेच फिरत राहतो. मग छाती उघडून ते आवरण सोलून काढण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. वेळेवर सुरू केलेल्या साध्या गोळ्यांनी हा धोका पुष्कळ कमी होतो.

औषध थोडे, चिकाटी मोठी

विषाणूमुळे झालेल्या किंवा कारण न सापडलेल्या दाहावर ॲस्पिरिन अथवा आयबुप्रोफेनसारखी सूज उतरविणारी औषधे भरपूर मात्रेत, पोटाच्या संरक्षणाची गोळी जोडून, एक-दोन आठवडे देतात आणि मग हळूहळू कमी करतात. जोडीला कोल्चिसिन नावाची लहानशी गोळी तीन महिने देतात. इटलीत २४० रुग्णांवर झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे दिसले की, नुसत्या नेहमीच्या औषधांवर ३७.५ टक्के रुग्णांचा आजार लांबला किंवा उलटला. कोल्चिसिन जोडल्यावर हे प्रमाण १६.७ टक्क्यांवर आले. म्हणजे निम्म्याहूनही कमी!

आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणारी लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी कळलावी सर्वांनी पाहिली असेल. तिच्या कंदात आणि बियांतही हेच कोल्चिसिन असते. परंतु ते इतके विषारी प्रमाणात असते, की कंद खाल्ल्याने माणसे मेली आहेत. तेव्हा कोणी जाणता ‘झाडपाला देतो’ म्हणाला, तर त्याच्या नादी लागू नये. गोळीचीही मात्रा मोजूनमापून असते. मूत्रपिंडाचा आजार असल्यास ती कमी करावी लागते. जुलाब सुरू झाले तर लगेच डॉक्टरांना सांगावे.

स्टेरॉइडने एका दिवसात बरे वाटते, परंतु साध्या दाहात घाईने दिलेल्या स्टेरॉइडमुळे आजार उलटण्याची शक्यता वाढते. म्हणून ते डॉक्टरांनी विचारपूर्वक ठरवावे, मेडिकलवाल्याने नव्हे. दुखणे थांबेपर्यंत व सी.आर.पी. उतरेपर्यंत धावपळ, ओझे उचलणे, व्यायाम बंद ठेवावा. पोलीस भरतीसाठी मैदानावर धावणाऱ्या मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावे. २०१५ च्या युरोपीय सल्ल्यात खेळाडूंना तर तीन महिने थांबायला सांगितले होते.

क्षय असल्यास त्याची औषधे साधारणपणे सहा महिने, एकही दिवस न चुकविता घ्यावी लागतात.

पैशाचे काय?

हा प्रश्न आपल्या घरांत पहिला येतो आणि त्यातच वेळ जातो. म्हणून काही गोष्टी पाठ असाव्यात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून विनामूल्य मिळते. सदाशिव पेठेतून पुणे स्टेशनजवळचे सरकारी ससून रुग्णालय आणि मंगळवार पेठेतील महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय फार दूर नाही. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत ‘निक्षय पोषण योजने’तून आहारासाठी पैसे खात्यावर जमा होतात. २०१८ साली ते महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले. १८००-११-६६६६ हा क्षयरोगाच्या माहितीचा विनाशुल्क क्रमांक आहे.

धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. रुग्ण अत्यवस्थ असेल, तर अनामत रक्कम न मागता त्याला दाखल करून घेतले पाहिजे, असेही त्या योजनेत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. प्रथम त्यालाच गाठावे. यासाठी शिधापत्रिका आणि आधार कार्ड यांची प्रत बाहेरगावी राहणाऱ्या मुलाजवळ आधीच देऊन ठेवावी. मध्यरात्री गावाकडून कागद आणणे शक्य नसते.

घरच्यांनी आणि सोबत्यांनी

आई-वडिलांना आमची विनंती आहे की, मुलाला फोनवर ‘‘अभ्यास कसा चाललाय?’’ हा प्रश्न जरूर विचारा, पण त्याआधी ‘‘जेवतोस काय, झोपतोस कसा, ताप-खोकला नाही ना?’’ हे विचारा. पोरे घरच्यांना घोर लागू नये म्हणून दुखणे लपवितात. मुली तर अधिकच लपवितात. दुखण्याची नजर काढून, अंगारा लावून किंवा छातीला बाम चोळून दिवस घालवू नका. आणि ‘‘परीक्षा झाल्यावर बघू’’ हे वाक्य मुलाच्या तोंडून कदापि ऐकून घेऊ नका. परीक्षा पुढच्या वर्षी पुन्हा येते.

खोलीतल्या सोबत्यांनीही एकमेकांवर लक्ष ठेवावे. कोणी रात्री आडवा होत नसेल, बसूनच झोपत असेल, जिना चढताना थांबत असेल, तर थट्टा न करता त्याला दवाखान्यात न्यावे, सोबत जावे आणि जे पाहिले ते डॉक्टरांना सांगावे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा ताप असलेल्याची थुंकी तपासून घ्यावी.

एकदा निदान झाले की तीन कागद जपून ठेवावेत : पहिला ई.सी.जी., इकोचा अहवाल आणि औषधांची चिठ्ठी. आजार उलटला, तर नव्या डॉक्टरांना जुना ई.सी.जी. पाहून पुष्कळ गोष्टी चटकन समजतात. पुन्हा दाखवायला बोलावलेली तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी आणि त्या दिवशी दुखत नसले तरी जावे.

वाचक बंधू-भगिनींनो, वर दिलेले पाच प्रश्न कापून घराच्या भिंतीवर लावा आणि बाहेरगावी शिकणाऱ्या आपल्या लेकरांनाही पाठवा. छातीत दुखू लागले तर घाबरून बसू नका आणि अंगावरही काढू नका. तातडीने ई.सी.जी. काढा, कसे दुखते ते आपल्या शब्दांत न लाजता सांगा, आणि डॉक्टर ‘‘हार्ट ॲटॅक नाही’’ म्हणाले की सुटकेचा श्वास टाकून परत फिरण्याआधी आणखी एक प्रश्न अवश्य विचारा : ‘‘मग डॉक्टरसाहेब, हे कशामुळे दुखतंय?’’ उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.